गावाची शीव आणि गावाचा इतिहास

कारखान्याच्या दारात सभासदांची नावे लिहून घेताना एक गोष्ट आम्हां कामगार चळवळीतल्या माणसांना लवकर कळते. कामगाराने आपले गाव 'शिरोली' सांगितले, तर तेवढ्याने भागत नाही. 'पुलाची की दुमाला?' असे विचारावे लागते. 'कळंबे' म्हटले, तर 'तर्फ ठाणे की तर्फ कळे?' हा प्रश्न येतोच. ही शेपटे केवळ टपालाच्या सोयीसाठी लावलेली नाहीत. दुमाला म्हणजे ज्याच्या वसुलाचा हक्क सरकारकडून इनामदाराकडे गेला ते गाव. तर्फ हा जुन्या परगण्याचा पोटभाग. कागल तालुक्यात कसबा सांगाव आणि मौजे सांगाव अशी दोन गावे आहेत. कसबा म्हणजे बाजाराचे व अंमलदाराचे ठिकाण, मौजे म्हणजे साधे शेतकरी खेडे. राज्ये गेली, इनामे गेली. पण वसूल कोणाच्या घरात जात होता, हे गावाच्या नावात अजून टिकून आहे.

नावाखालोखाल माती बोलते. आपल्या पूर्वजांनी गावाचे दोन भाग मानले : पांढरी आणि काळी. काळी म्हणजे शेती, पांढरी म्हणजे वस्ती. पिढ्यान्‌पिढ्या मातीची घरे पडली, त्यांवर नवी उभी राहिली, चुलींची राख साचली आणि जमीन पांढुरकी होऊन उंचावली. आपल्या ब्रह्मपुरीच्या टेकाडात १९४५-४६ साली सांकलिया आणि दीक्षित यांनी उत्खनन केले, तेव्हा सातवाहनांच्या काळातील वस्ती उजेडात आली. याच टेकाडात पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची ब्राँझची मूर्तीही सापडली आहे. पंचगंगेच्या काठचे हे गाव दोन हजार वर्षांपूर्वी दूरदेशीच्या व्यापाराशी जोडलेले होते, याचा हा पुरावा.

इंग्लंडमध्ये डब्ल्यू. जी. हॉस्किन्स या अभ्यासकाने १९५५ साली इंग्रजी भूप्रदेशाच्या घडणीवर एक ग्रंथ लिहिला. शेते, वाटा, कुंपणे हाच इतिहासाचा मोठा दस्तऐवज आहे, असे त्याचे म्हणणे. तिकडे पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतले गाव, वर्षाकाठी आपली शीव पायी फिरून पाहत असे. पोरांना बरोबर नेत आणि शिवेच्या दगडावर त्यांना आपटतसुद्धा. हेतू हा की ती खूण जन्मभर विसरू नये.

आपल्याकडे शिवेची ही आठवण कोणाच्या डोक्यात होती? ती महाराच्या डोक्यात होती. दोन गावांत हद्दीचा तंटा लागला की त्याची साक्ष मोलाची मानत. ज्याला गावाची वीत न् वीत ठाऊक, त्याचे घर मात्र गावकुसाबाहेर! शाहू महाराजांनी १९१८ साली कोल्हापूर संस्थानात महार वतन रद्द केले, तेव्हा कुठे त्या वेठीचा फास सैल झाला. म्हणून आम्ही स्पष्ट सांगतो : पाटलाची वंशावळ आणि देवळाचा जीर्णोद्धार एवढ्यावर गावाचा इतिहास संपत नाही. विहीर कोणी खणली, शीव कोणी राखली, हेही त्यात आले पाहिजे.

हा केवळ हौसेचा विषय नाही. नदीकाठच्या सखल रानाला आपली माणसे 'मळी' म्हणतात. पूर येथवर येतो आणि गाळ टाकून जातो, ही शेकडो वर्षांची पाहणी त्या एका शब्दात आहे. आज त्याच मळीचे प्लॉट पडतात आणि कागदावर जुने नाव उरत नाही, उरतो तो गट नंबर. कामगाराने जन्माच्या नोकरीचा फंड घालून गुंठाभर जागा घ्यावी आणि मोठ्या पुरात उंबऱ्यापर्यंत पाणी यावे, हे आम्ही पाहिले आहे. २०१९ आणि २०२१ साली पंचगंगेचे पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आले आणि वाहतूक बंद पडली. सगळीच जुनी गावे पुरातून सुटतात असे नव्हे; प्रयाग चिखलीला पाण्याने वेढले, आणि त्या गावाच्या नावातच चिखल आहे. पण रानाचे नाव विचारणारा माणूस जागा घेण्यापूर्वी निदान सावध तरी होतो.

श्रोतेहो, आपल्यापैकी बहुतेकांचे एखादे गाव आहे. सुट्टीत तेथे जाल तेव्हा एक वही न्या. प्रत्येक शिवाराचे, ओढ्याचे, वाटेचे नाव लिहून घ्या. म्हाताऱ्या शेतमजुराला विचारा, भांगलणीला जाणाऱ्या बायांना विचारा. रान त्यांनी पावलांनी मोजलेले असते. वेशीतल्या वीरगळावर ऑइलपेंट फासू देऊ नका. पुराचे पाणी कोणत्या साली कोणत्या पायरीला लागले, तेही टिपा. या कामाला पदवी लागत नाही, चिकाटी लागते. ही माणसे गेली की ती नावे कोणत्याही दप्तरात सापडणार नाहीत.