दोघांचा उन्हाळा: जुळ्यांविषयी ऐकलेले आणि खरे

आमच्या मुलांना फेब्रुवारीत तीन वर्षे पूर्ण झाली. एक मुलगा, एक मुलगी. दोघांत अकरा मिनिटांचे अंतर. जूनमध्ये दोघेही बालवाडीत जाणार, म्हणून या उन्हाळ्यात घरी येणारा प्रत्येकजण काही ना काही सल्ला देऊन जातो. सांगणाऱ्यांची माया खरी असते. पण सांगितलेले सगळेच खरे नसते, आणि त्यातल्या काही गोष्टींवर विसंबून राहिले तर मुलांचे नुकसान होते. तीन वर्षांत डॉक्टरांना विचारून, वाचून आणि या दोघांना रोज न्याहाळून जे पडताळता आले ते इथे लिहिते आहे. अशी जोडी ज्यांच्या घरी आहे, त्यांना जूनच्या आत उपयोगी पडावे एवढीच इच्छा.

“मुलगा-मुलगी का? मग चेहरे अगदी सारखे असतील!”

हा प्रश्न भाजीवाल्या मावशींपासून बँकेतल्या साहेबांपर्यंत सर्वांनी विचारला आहे. जुळी दोन प्रकारे होतात. एकच फलित बीज सुरुवातीच्या दिवसांत दुभंगले तर एकाच बीजाची दोन बाळे होतात. ती दिसायला सारखी असतात आणि, अत्यंत दुर्मीळ अपवाद सोडले तर, दोन्ही मुलगे किंवा दोन्ही मुलीच असतात. दुसऱ्या प्रकारात आईची दोन बीजे एकाच वेळी फळतात. अशी भावंडे एकमेकांशी तेवढीच मिळतीजुळती, जेवढी कुठलीही सख्खी भावंडे. आमची दोघे या दुसऱ्या प्रकारची. एकाच दिवशी जन्मलेले भाऊ-बहीण, बस.

दोन्ही मुलगे किंवा दोन्ही मुली असल्या की मात्र खरा घोळ होतो. “दोन वारा होत्या, म्हणजे वेगवेगळ्या बीजांची,” असे प्रसूतीनंतर सांगितले जाते आणि घरचे तेच धरून बसतात. पण एका बीजाच्या जुळ्यांपैकी सुमारे एक तृतीयांश जोड्यांनाही दोन स्वतंत्र वारा असतात. बीज पहिल्या तीनेक दिवसांतच दुभंगले तर तसे होते. वार खरोखरच एक असेल, दोन वारा चिकटून एक झालेली नसेल, तर बीज एक, हे जवळजवळ नेहमी खरे ठरते. वारा दोन असतील तर बीजे दोन, हे खरे नाही. खात्री हवी असेल तर डीएनए तपासणी हाच मार्ग. आणि एका बीजाची असली तरी दोघांच्या बोटांचे ठसे वेगळेच असतात, कारण ते गर्भात घडताना प्रत्येकाची जागा आणि हालचाल वेगळी असते.

जोडकेळे खाल्ले म्हणून जुळी होत नाहीत. एका बीजाच्या जुळ्यांचे प्रमाण जगभर साधारण सारखेच, दर हजार बाळंतपणांमागे तीन ते चार, आणि ते कोणाच्या खाण्यावर ठरत नाही. दोन बीजांच्या जुळ्यांचे प्रमाण मात्र आईचे वय, वंध्यत्वावरचे उपचार आणि आईच्या माहेरची अनुवंशिकता यांनुसार बदलते. बापाच्या घराण्यात जुळी असतील तर त्याच्या बायकोला जुळे होण्याचा संभव त्यामुळे वाढत नाही. तो गुण मुलीकडे मात्र जाऊ शकतो.

माझ्या आजेसासूबाई म्हणतात की नंतर जन्मलेली ती खरी थोरली, कारण ती आधी गर्भात आली. ही समजूत जुनी आणि बऱ्याच घरांतली आहे. पण आधी कोण जन्मणार हे गर्भाशयाच्या तोंडाजवळ कोण आहे यावर ठरते, आधी कोण रुजले यावर नाही. आम्ही घरात थोरला-धाकटी हे शब्दच वापरत नाही. अकरा मिनिटांच्या जोरावर तीन वर्षांच्या मुलाला “तू मोठा ना, दे तिला” असे रोज ऐकावे लागणे अन्यायाचे आहे.

“जुळी उशिराच बोलतात, वाट पाहा”

इथे मला सर्वांत जास्त काळजी वाटते, कारण हा समज अर्धा खरा आहे.

जुळी थोडी उशिरा बोलतात हे बरोबर. ती बऱ्याचदा दिवस पूर्ण भरण्याआधी जन्मतात. आमची पस्तिसाव्या आठवड्यात झाली. शिवाय घरातले माणूस दोघांशी मिळून बोलते: “चला रे, जेवायला”, “हात धुवा”. एकट्याच्या डोळ्यांत पाहून, त्याच्या उत्तरासाठी थांबून केलेले बोलणे वाट्याला कमी येते. आणि दोघांना एकमेकांची सोबत असते, त्यामुळे अर्ध्या शब्दावर, बोटाच्या खुणेवर काम भागते. लोक ज्याला जुळ्यांची गुप्त भाषा म्हणतात, ती बहुतेक वेळा हीच अपुरी, अजून न पिकलेली बोली असते. एक चुकीचा उच्चार करतो, दुसरी तोच उचलते, आणि दुरुस्त करणारे कोणी नसते. आमच्याकडे पाण्याला कितीतरी महिने “मम्पा” म्हणत. आम्हाला ते गोड वाटायचे म्हणून आम्हीही तेच म्हणायचो. तसे करायला नको होते.

पण “उशीर होतोच” म्हणून हातावर हात ठेवून बसणे चूक आहे. दोन वर्षांपर्यंत मुलाने दोन-दोन शब्द जोडायला हवेत. तीन वर्षांपर्यंत त्याचे सुमारे पाऊण बोलणे परक्या माणसालाही कळायला हवे. हे निकष जुळ्यांनाही लागू आहेत. दिवस न भरता जन्मलेल्या बाळाचे वय मोजताना डॉक्टर आधीचे आठवडे वजा करतात, पण साधारण दोन वर्षांपर्यंतच. तिसऱ्या वर्षी ती सबब राहत नाही. बोलणे मागे असेल तर पहिली तपासणी कानाची. वेखंड उगाळून जिभेला चोळल्याने वाचा फुटत नाही. मोबाईलवरच्या गाण्यांनीही बोलणे येत नाही, कारण पडदा उत्तराची वाट पाहत नाही. या वयासाठी जागतिक आरोग्य संघटनेने पडद्यासमोर बसण्याची मर्यादा दिवसाला जास्तीत जास्त एक तास सांगितली आहे, आणि तोही जितका कमी तितका बरा.

“घरात मराठी आणि शाळा इंग्रजी, मुले गोंधळतील, म्हणून आत्तापासून इंग्रजीतच बोला” असेही आम्हाला सांगितले गेले. दोन भाषा कानावर पडल्याने बोलण्याला उशीर होत नाही. ज्या भाषेत आजीला गोष्ट सांगता येते, आईला रागावता येते आणि लाडही करता येतात, त्या भाषेत मूल भरभरून ऐकते. ती भाषा घरातून काढून घेऊ नका.

या उन्हाळ्यात आम्ही एकच मोठा बदल केला. रोज दोघांपैकी एकाला कोणीतरी एकटे घेऊन जाते. कधी भाजी आणायला, कधी गिरणीत, कधी नुसते गच्चीवर वाळवण राखायला. पहिल्या आठवड्यात मुलगी बाहेर जाताना सारखी मागे वळून पाही. दुसऱ्या आठवड्यात तिने गिरणीवाल्या काकांना विचारले, “हे पीठ गरम का आहे?” पूर्ण वाक्य, अनोळखी माणसाला, भाऊ बरोबर नसताना. घरी तिच्या वतीने तोच बोलत असे, हे आम्हाला तोवर नीट लक्षातच आले नव्हते.

“जूनच्या आत पाटीवर अक्षर उमटायला हवे”

महाराष्ट्रात नर्सरीसाठी त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत तीन वर्षे पूर्ण व्हावी लागतात, पहिलीसाठी सहा. म्हणजे लिहायला बसवण्याआधी हातात तब्बल तीन वर्षे असतात. तीन वर्षांच्या मुलाच्या मनगटाची हाडे अजून पूर्ण घडलेली नसतात, बोटांच्या लहान स्नायूंत पेन्सिल सावरण्याचे बळ नसते. त्या बोटांना आधी दुसरी कामे हवी असतात.

हे काही परदेशातून आलेले नवे शहाणपण नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे ते डहाणू तालुक्यातल्या कोसबाडला नेले. तिथल्या आदिवासी मुलांसाठी त्यांनी शंख-शिंपले, बिया, पाने, खडे अशा भोवतालच्या वस्तूंचे शैक्षणिक साहित्य केले. मूल शाळेत येत नसेल तर शाळा त्याच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द त्यातूनच आला. देशाच्या बालविकास योजनेने तो १९७५ साली उचलला. २०२२ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने तीन ते आठ हा पायाभूत टप्पा ठरवून खेळ हाच त्याचा आधार मानला, आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांची परीक्षा घेणे सर्वस्वी अयोग्य असल्याचे स्पष्ट सांगितले.

म्हणून आमच्या घरी या सुट्टीत पाटी नाही. शेंगा सोलणे आहे, कणकेचे गोळे आहेत, कुरडयांचा चीक हाताने चाखून पाहणे आहे, ओले फडके दोघांनी दोन टोकांना धरून पिळणे आहे. चिंचोके मात्र आजी समोर बसलेली असेल तरच. नाकात आणि घशात जाणाऱ्या बियांचे अपघात याच वयात होतात. एकाने डाव्या हाताने चमचा धरला तर तो बदलायला लावू नका. हात ठरायला अजून वेळ आहे, आणि डावा ठरला तरी तो दोष नव्हे.

डायपरचेही तसेच. “ती सुटली, हा अजून का नाही?” अशी तुलना मुलांसमोर रोज होते. प्रत्येकाचे शरीर आपापल्या वेळी तयार होते, आणि रात्री अंथरूण ओले होणे पाच वर्षांपर्यंत आजार मानला जात नाही.

आंब्याची गळवे

“आंबा उष्ण, मुलांना गळवे होतील,” हेही मे महिन्यात ऐकावे लागतेच. गळू जिवाणूंच्या संसर्गाने होते. घामोळ्या खाजवलेल्या, नखे वाढलेली, की ते जिवाणू आत शिरतात. आंब्याच्या उष्णतेने गळू होत नाही. मात्र आंबा, काजू आणि बिब्बा ही एकाच कुळातली झाडे. देठाजवळच्या चिकाने ओठांभोवती पुरळ उठू शकते. आंबे पाण्यात बुडवून ठेवायची आपली पद्धत त्यासाठी उत्तम, कारण चीक धुऊन निघतो. साल काढा, तोंड धुवा आणि मुलांना आंबा खाऊ द्या.

“दोघे एकमेकांना आहेत, शाळेत रडणार नाहीत”

रडू शकतात, दोघेही, आणि वेगवेगळ्या दिवशी. एकाचे थांबले की दुसऱ्याचे सुरू होते. जी मुले जन्मापासून एकमेकांवाचून राहिलेली नाहीत, त्यांना आईपासून दूर जाणे आणि कधीतरी एकमेकांपासून दूर बसणे, अशा दोन गोष्टी एकदम शिकाव्या लागतात. मुलांचे लक्ष नसताना गुपचूप निघून यायचा सल्ला मिळेल. तो पाळू नका. कधी परत येणार ते सांगून, निरोप घेऊन निघा, आणि सांगितलेली वेळ चुकवू नका. पहिल्या वर्षी सर्दी-खोकला सारखा होईल. लहान मुलांना वर्षाकाठी सहा-आठ वेळा सर्दी होणे नेहमीचे आहे. एकाची दुसऱ्याला लागते ती दोघे एका ताटाभोवती असतात म्हणून, जुळ्यांच्या आतल्या कुठल्या धाग्यामुळे नव्हे.

एकाच वर्गात ठेवावे की वेगळ्या? शाळा कधी कधी यावर ठाम नियम सांगतात. इंग्लंड-वेल्स आणि कॅनडातल्या क्यूबेक इथल्या हजारो जुळ्यांचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. सात ते सोळा या वयांत एका वर्गातली आणि वेगळ्या वर्गांतली जुळी यांच्या अभ्यासात, बुद्धीत आणि शिकण्याच्या ओढीत म्हणावा असा फरक त्यात दिसला नाही. म्हणजे सर्वांना एकच नियम लावण्यास आधार नाही. एकजण सतत दुसऱ्याच्या वतीने बोलत असेल तर वेगळ्या वर्गाचा विचार करा. दोघेही बुजरे असतील तर पहिले वर्ष एकत्र काढू द्या, आणि निर्णय दरवर्षी पुन्हा तपासा. आम्ही यंदा एकत्र, पण वेगवेगळ्या गटांत बसवा, असे बाईंना लेखी कळवले आहे.

तुमच्याही घरी अशी जोडी असेल तर शाळा सुरू होण्याआधी बाईंना भेटा. गणवेश सारखा असला तरी डबा, बाटली आणि दप्तर वेगळ्या रंगांचे द्या. दोघांचे दोन स्वतंत्र कागद लिहून द्या: कोणाला काय आवडते, कोण कशाने घाबरते, कोणाचे कोणते शब्द अजून नीट कळत नाहीत. आणि “ए जुळ्यांनो” अशी हाक न मारता प्रत्येकाला त्याच्या नावाने बोलवा, एवढी विनंती त्यांना जरूर करा.