वजन हातात, भार पायांवर!

मुलांनो, जड वस्तू उचलताना जोर कुठे लागतो? "हातात!" असं तुम्ही झटकन सांगाल. जरा थांबा. आधी एक सोपा प्रयोग करा.

पुस्तकांनी भरलेलं दप्तर फरशीवर उभं राहून छातीपर्यंत उचला. आता कापसाच्या जाड गादीवर उभे राहा आणि तेच दप्तर उचला. काय झालं? पाय डगमगले ना? दप्तर तेच, हातही तेच. बदलली ती फक्त पायाखालची जागा!

याचं कारण सोपं आहे. वजन वर न्यायचं तर पायांनी जमीन खाली दाबावी लागते. कडक जमीन तेवढ्याच जोराने आपल्याला वर ढकलते. गादी मात्र दबते, कलते आणि आपला तोल घालवते. पळण्याच्या बुटांचा तळही असाच मऊ असतो. पळताना बसणारे धक्के तो झेलतो, म्हणून पळायला तो उत्तम. पण खांद्यावर वजन घेतलं की तोच तळ दबतो, घोटा कलतो आणि गुडघाही वेडावाकडा होतो. दुखापत व्हायला तेवढं पुरतं.

म्हणूनच वेटलिफ्टिंग करणाऱ्यांचे बूट वेगळे असतात. तळ कडक, टाच साधारण दोन सेंटिमीटर उंच आणि वरून घट्ट पट्टा. उंच टाच कशाला? उकिडवं बसून पाहा. काहींच्या टाचा जमिनीवरून उचलल्या जातात. बुटाची टाच उंच असली की पूर्ण खाली बसूनही पाऊल टेकलेलं राहतं आणि पाठ ताठ राहते. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत तर पायांत खेळाचे बूट असावेच लागतात.

आपल्या सांगलीचा संकेत सरगर आठवतो? 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत 55 किलो गटात त्याने एकूण 248 किलो वजन उचललं. सुवर्णपदक विजेत्याचं वजन होतं 249! कोपर दुखावलं असतानाही तो शेवटच्या प्रयत्नाला उभा राहिला आणि रौप्यपदक घेऊन आला. एकेका किलोची लढाई असते, तिथे पाय जराही हलून कसं चालेल?

तुम्ही म्हणाल, "गुरुजी, आम्ही तर आवणीला अनवाणीच चिखलात उतरतो. तालमीतले पैलवानही अनवाणीच असतात." खरं आहे! अनवाणी पाय जमीन छान पकडतो. पण तालमीत खाली मऊ माती असते. व्यायामशाळेत लोखंडी प्लेट पायावर पडली तर? आणि स्लीपर घालून तर वजनाला हातच लावू नका. ती कधी निसटेल याचा नेम नाही.

मग महागडे बूट हवेतच का? मुळीच नाही! पालकहो, हे तुमच्यासाठीही आहे. मुलांचे पाय वाढते असतात. आज घेतलेला बूट पुढच्या वर्षी आखूड होतो. सुरुवातीला शाळेच्या पीटीचे कॅनव्हासचे बूट पुरेसे आहेत. तळ सपाट, पातळ आणि जमिनीला चिकटून. रोज वजनं उचलायची वेळ आली आणि प्रशिक्षकांनी सांगितलं, तरच खास बुटांचा विचार करा.

शेणव्याहून शहापूरला किंवा मुरबाडला बूट घ्यायला गेलात, तर एवढं जरूर पाहा :

• खरेदी संध्याकाळी करा. दिवसभराने पाय थोडा फुगलेला असतो.
• नेहमीचे मोजे घालून दोन्ही पायांत बूट घाला आणि उभं राहून पाहा. एक पाय किंचित मोठा असू शकतो, माप त्याचं धरा.
• टाचेखालचा तळ अंगठ्याने दाबा. खोल दबला, तर तो बूट पळण्यासाठी ठेवा.
• नाडी बांधून उकिडवे बसा. टाच बुटातून निसटता कामा नये आणि बोटं चेपता कामा नयेत.
• कंपनीचं नाव आणि रंग सगळ्यात शेवटी!

आणि हो, चांगला बूट घातला म्हणून ताकद येत नाही. आधी जोर-बैठका, मग नुसत्या काठीने सराव आणि जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली हलकं वजन, हाच क्रम ठेवा. पाया पक्का झाला की वजन आपोआप वर जाईल!