वजन उतरतं सवयीनं, उपासानं नाही

आम्हा बावड्याच्या बचत गटातल्या बायांच्या बैठकीत हप्ते जमा झाले की हल्ली वजनाचा विषय निघतोच. कुणाचे गुडघे दुखतात, कुणाला धाप लागते. "दिवसभर राबतो, तरी वजन वाढतंच कसं?" असं प्रत्येकीला वाटतं.

जरा मागं वळून बघू. पाणी आता नळाला येतं, वाटण मिक्सरवर होतं, रानात जायला गाडी आहे. कष्ट वाचले, ते बरंच झालं. पण जेवण तेवढंच राहिलं आणि चहा वाढला. शिवाय पोरांच्या ताटातलं उरलेलं "वाया नको" म्हणून आपल्याच पोटात जातं.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बाया आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. आपली बाळं वजनानं लहान, पण अंगात चरबी त्या मानानं जास्त, असं त्यात दिसलं. म्हणून नुसत्या काट्यावर जाऊ नका. शिवणाची टेप घेऊन कंबर मोजा. बाईची कंबर ८० सेंटिमीटरच्या, म्हणजे साधारण साडेएकतीस इंचांच्या वर गेली, की मधुमेह आणि रक्तदाबाचा धोका वाढतो.

आमच्या गटातल्या एका ताईंनी घरातल्या लग्नाआधी दीड महिना एकच वेळ जेवून पाच किलो उतरवले. लग्न झालं, जेवण पूर्ववत झालं आणि चार महिन्यांत सहा किलो परत आले. ताई स्वतःलाच दोष देत बसल्या. पण एकदम उपाशी राहिलं की भूक वाढते, चरबीबरोबर स्नायूही झिजतात आणि शरीर कमी ऊर्जेत भागवायला शिकतं. मग जुनं जेवण सुरू झालं की वजन परत येणारच.

म्हणून आयुष्यभर जमेल तेवढंच बदलायचं. दिवसाला चार कप चहा, कपाला दोन चमचे साखर, म्हणजे महिन्याला सव्वा किलोच्या आसपास साखर एकट्या चहातून जाते. आधी एक चमचा कमी करा. भाजीला तेल बुधलीतून न ओतता चमच्यानं मोजून घाला. ताटात आधी भाजी, उसळ, काकडी वाढा, मग भाकरी. उपासाला साबुदाण्याऐवजी भगर, ताक, फळ चालेल, पण बेतानं. उरलेलं अन्न झाकून ठेवा. आपलं पोट म्हणजे उरलंसुरलं टाकायचा डबा नव्हे.

रोज अर्धा तास भरभर चाला. ऊसतोडीच्या दिवसांत रस्त्यावर ट्रॉल्यांची वर्दळ असते, तेव्हा शाळेच्या मैदानावर चौघी मिळून जा. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या माणसांनी खाणं सुधारून आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम केला, वजन ७ टक्के उतरवायचं ठरवलं. त्यांच्यात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. सत्तर किलोच्या बाईला सात टक्के म्हणजे पाचच किलो.

गरोदर, अंगावर पाजणाऱ्या किंवा अशक्त बायांनी वजन उतरवायच्या मागं लागू नये. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. तिशीनंतर उपकेंद्रात साखर आणि रक्तदाब तपासून घ्या.

आणि वेगळा स्वयंपाक एकटीसाठी करू नका, तो टिकत नाही. बदल घरातल्या सगळ्यांच्या ताटात होऊ द्या. आपण दर महिन्याला थोडे थोडे पैसे साठवतो ना, तसंच हे आहे. हप्ता लहान असू द्या, पण चुकवू नका.