ढगाळ हवा आणि तुरीवरील कीड

चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांत धानाच्या बांध्यांच्या धुऱ्यांवर तूर घेण्याचा प्रघात आहे. वर्षाची घरची डाळ बहुधा याच झाडांवर अवलंबून असते. मात्र तूर फुलोऱ्यात येते तेव्हा शेतकऱ्याचे सारे लक्ष खळ्याकडे असते. अशा वेळी आकाश काही दिवस अभ्राच्छादित राहिल्यास घाटेअळीचा उपद्रव वाढतो. मादी पतंग कळ्या-फुलांवर सुटी सुटी अंडी घालते. पुढे अळी शेंगेत तोंड खुपसून दाणे फस्त करते. सबब मळभ येताच झाडे निरखावीत. हेक्टरी ५ कामगंध सापळे लावावेत. सलग २-३ दिवस प्रत्येक सापळ्यात ८ ते १० पतंग आढळल्यास ५ टक्के निंबोळी अर्क फवारावा. अळीस रोग आणणाऱ्या विषाणूचे द्रावण वापरावयाचे झाल्यास ते सायंकाळी फवारावे, कारण कडक उन्हात तो विषाणू निष्प्रभ होतो. शेंगमाशीची अळी शेंगेच्या आतच वाढते व बाहेरून दिसत नाही. म्हणून थोड्या हिरव्या शेंगा सोलून पाहाव्यात.