पहाटेचा पहिला सेल्फ

डिसेंबर-जानेवारीत निफाड, लासलगाव, पिंपळगाव बसवंतकडे पारा दहा अंशांच्या खाली उतरतो. अशा पहाटे कांदा भरून उभ्या असलेल्या जुन्या ट्रकला सेल्फ मारावा, तर तो नुसता घरघरतो. चार-पाच वेळा दम खाऊन इंजिन एकदाचे पकडते, पांढऱ्या धुराचा लोट निघतो, केबिन गदगदा हलते आणि पाचेक मिनिटांत सगळे सुरळीत होते. दुपारी हीच गाडी गॅरेजात नेली की एका सेल्फमध्ये सुरू! दोष दिसत नाही, मग अंदाजाने पंप उतरवला जातो, नोझल बदलले जातात. मालकाचा खिसा रिकामा होतो आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा तीच घरघर.

नव्या ट्रकमध्ये बिघाडाची नोंद ठेवायला संगणक असतो. यांत्रिक पंपाच्या जुन्या गाडीत तसे काही नाही. तिचे दुखणे कळते ते थंड इंजिनाच्या पहिल्या दोन-तीन मिनिटांत, तेव्हा तपासणी करायची ती त्याच वेळी.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवा सोळा-सतरा पटींनी दाबतो, ती प्रचंड तापते आणि त्या तापलेल्या हवेत नोझलने फवारलेले डिझेल आपोआप पेटते. थंडीत सिलिंडरच्या गार भिंती ही उष्णता शोषून घेतात. ऑइल घट्ट होते, बॅटरीची ताकद घटते आणि सेल्फ हळू फिरतो. इंजिन हळू फिरले की दाबलेल्या हवेला रिंगांमधून निसटायला जास्त वेळ मिळतो. एरवी खपून जाणारी बारीकसारीक झीज म्हणूनच थंडीत उघडी पडते.

पहिली तपासणी कानाने करायची. सेल्फ जड फिरत असेल तर पंपाकडे वळायचेच नाही. 12 व्होल्टच्या चांगल्या बॅटरीवर सेल्फ मारताना मीटर साडेनऊच्या खाली जाऊ नये. दोन बॅटऱ्यांच्या 24 व्होल्टच्या गाडीत एकोणीसच्या खाली. आकडा ठीक असूनही सेल्फ जड असेल, तर टर्मिनलवरची पांढरी बुरशी आणि चेसिसला जोडलेली अर्थची केबल पाहावी. गंजलेल्या अर्थपायी चांगला सेल्फ उतरवल्याची उदाहरणे कुठल्याही ऑटो इलेक्ट्रिशियनकडे ऐकायला मिळतील.

सेल्फ जोरात फिरतो, पण सायलेन्सरमधून धूरच येत नाही? मग सिलिंडरपर्यंत डिझेल पोहोचत नाही. रात्रभर उभ्या गाडीत ही तक्रार फार आढळते. पाइपाला बारीक चीर असते, तांब्याचा वॉशर दबलेला असतो किंवा फीड पंपाचा व्हॉल्व्ह नीट बसत नाही. तिथून हवा शिरते आणि लाइनमधले डिझेल टाकीकडे उतरते. याची परीक्षा अगदी सोपी आहे. सकाळी सेल्फ मारण्याआधी फीड पंपावरचा हातपंप मारायचा. तो आधी पोकळ लागला, मग कडक झाला आणि गाडी लगेच सुरू झाली, तर गाडी एअर घेते आहे हे जवळजवळ नक्की. पंपाकडे येणाऱ्या कमी दाबाच्या लाइनमध्ये थोडा वेळ पारदर्शक नळी जोडली तर बुडबुडे डोळ्यांना दिसतात.

धूर निघतो, पण पांढरा आणि डोळे चुरचुरवणारा असेल, तर डिझेल येते पण पेटत नाही. हीटर प्लग असलेल्या इंजिनात आधी ते तपासावेत. थेट इंजेक्शनच्या बहुतेक जुन्या ट्रकमध्ये ते नसतातच. तिथे नोझल, पंपाचे टायमिंग आणि कॉम्प्रेशन यांवर संशय घ्यायचा. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी, तेव्हा एअर फिल्टर आधी झटकून पाहावा.

आता स्लोवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता, गाडी थरथरते, मिस मारते, त्याविषयी. स्लोला इंजिनाचे मिनिटाला सहाशे फेरे धरले, तर प्रत्येक सिलिंडर सेकंदाला पाचदा पेटायला हवा. त्यातला एक जरी चुकत असेल तरी स्टिअरिंगवरच्या हातांना कळते. तो शोधायची जुन्या फिटरांची रीत आजही बिनतोड आहे. इंजिन स्लोला ठेवून नोझलला येणाऱ्या हाय प्रेशर पाइपाचा नट सतराच्या किंवा एकोणीसच्या पान्याने जरासा ढिला करायचा, ऐकायचे आणि पुन्हा आवळायचा. नट ढिला होताच इंजिनाचा आवाज पडला, तर तो सिलिंडर काम करत होता. काहीच फरक पडला नाही, तर दोषी सिलिंडर सापडला. हे करताना डोळ्यांना चष्मा हवा, कारण या दाबाचे डिझेल कातडीतसुद्धा घुसते. कॉमन रेल इंजिनावर तर हा प्रयोग कधीही करू नये. तिथला दाब जिवावर बेतू शकतो.

त्या सिलिंडरचे नोझल शेजारच्या सिलिंडरला लावून पाहावे. दोष नोझलबरोबर सरकला, तर फक्त नोझल टेस्टरवर तपासून घ्यावे. जागेवरच राहिला, तर टॅपेटचे अंतर, मग कॉम्प्रेशन आणि शेवटी पंपाचा एलिमेंट. पंप हा सर्वांत महाग भाग, म्हणून त्याची पाळी शेवटी.

काही ठिकाणी अजून डिझेलचा बोळा पेटवून ऑइलचा चेंबर शेकतात, किंवा हवेच्या पाइपात ईथरचा फवारा मारतात. पहिल्या प्रकाराने उभी गाडी पेटू शकते. दुसऱ्याने पिस्टन फुटू शकतो, आणि हीटर असलेल्या इंजिनात ईथर तिथेच भडकते. दोन्ही प्रकार बंदच व्हायला हवेत.

गाडीमालकांना एवढीच विनंती, की दुरुस्तीला द्यायची गाडी आदल्या संध्याकाळीच गॅरेजात उभी करा आणि सकाळचा पहिला सेल्फ मिस्त्रीच्या हातून मारून घ्या. सेल्फ कसा फिरला, धूर कोणत्या रंगाचा होता, किती मिनिटांनी गाडी सुधारली, एवढे त्याच्यासमोरच लिहून ठेवा आणि मगच पाना लावू द्या.