शिकाऊ औषधनिर्माता: काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

नोंदणीचा दाखला हाती पडल्यावरच औषधनिर्मात्याला व्यवसायनीतीचे बंधन लागू होते, तोवर त्याने शिकावे, हजेरी भरावी आणि वडीलधाऱ्यांच्या मागे निमूटपणे उभे राहावे, अशी समजूत आपल्या औषधशास्त्र महाविद्यालयांच्या आवारात इतकी रुळलेली आहे की, तिची शहानिशा करण्याचे कोणाला सुचत नाही. वस्तुतः डी. फार्म.च्या विद्यार्थ्याला तीन महिन्यांहून कमी नाही अशा मुदतीत जे ५०० तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण घ्यावे लागते, किंवा फार्म. डी.च्या विद्यार्थ्याला जे सहावे वर्ष सबंध रुग्णालयात काढावे लागते, त्या काळात त्याच्यासमोर येणारा रुग्ण पाठ्यपुस्तकातला नसून रक्तामांसाचा असतो. आणि पांढरा कोट घालून खाटेजवळ आलेला मनुष्य शिकाऊ आहे की सनदी, हे ओळखण्याचे काही साधन त्या रुग्णाजवळ नसते. म्हणून आपण विद्यार्थी आहोत हे प्रथम सांगावे आणि माहिती विचारण्यापूर्वी त्याची परवानगी घ्यावी. फुकट उपचार घेणाऱ्या रुग्णाला नकार देण्याचा हक्क नसतो, असे मानणारे लोक आहेत, ते चुकतात.

अधिकाराविषयी दोन परस्परविरुद्ध भ्रम आढळतात. एका पक्षाच्या मते विद्यार्थ्याने औषधाला हातच लावू नये. दुसऱ्या पक्षाच्या मते प्रशिक्षणाला रुजू झाल्यावर, मालक जेवायला गेला असता, दुकान एकट्याने सांभाळण्यास त्याला मुभा आहे. १९४८ च्या फार्मसी कायद्याचे ४२ वे कलम डॉक्टरच्या चिठ्ठीवरील औषध तयार करण्याचा व देण्याचा अधिकार नोंदणीकृत औषधनिर्मात्यालाच देते आणि इतरांनी तो वापरणे हा गुन्हा ठरवते; १९४५ च्या औषध नियमांतील ६५ वा नियम असा व्यवहार त्याने स्वतः करावा किंवा त्याच्या व्यक्तिगत देखरेखीखाली व्हावा, असे सांगतो. म्हणजे विद्यार्थ्याने हात जरूर लावावा, परंतु शेजारी जबाबदार माणूस असताना. भिंतीवर टांगलेला त्याचा दाखला देखरेख करीत नाही. मालक परत येईपर्यंत गिऱ्हाइकाला थांबवणे हा अडेलपणा नव्हे.

परंतु सर्वांत घातक गैरसमज मौनाविषयीचा आहे. समजा, संधिवाताने आजारी असलेल्या एखाद्या वृद्धेच्या केसपेपरवर मेथोट्रेक्झेट हे औषध रोज एकदा द्यावे, असे लिहिलेले विद्यार्थ्याच्या नजरेस पडले. संधिवातासाठी हे औषध आठवड्यातून एकदाच द्यायचे असते. ते नजरचुकीने रोज दिले गेल्याने अस्थिमज्जेचे कार्य खचून रुग्ण दगावल्याच्या घटना अनेक देशांत नोंदल्या गेलेल्या आहेत. मोठ्या डॉक्टरांनी सांगितले, निवासी डॉक्टरांनी लिहिले, सिस्टरने उतरवून घेतले. एवढ्या हातांतून गेलेल्या मजकुरावर आपण बोट ठेवणे म्हणजे औद्धत्य, असे त्या विद्यार्थ्याला वाटते, आणि ज्या विनयाचे संस्कार घरी आणि शाळेत झाले, त्याच विनयाच्या आड तो गप्प राहतो. वस्तुस्थिती अशी की, केवळ औषधांचेच शिक्षण घेतलेला त्या वॉर्डात कदाचित तोच एकटा असतो, आणि त्याला राउंडला नेण्याचे प्रयोजनही तेच आहे. अर्थात बोलण्याची रीत असते: नातेवाइकांदेखत डॉक्टरांची चूक काढणे, किंवा स्वतःच केसपेपरवर खाडाखोड करून डोस बदलणे, या दोन्ही गोष्टी त्याच्या अखत्यारातल्या नाहीत. त्याने ताबडतोब आपल्या मार्गदर्शकाला सांगावे, मार्गदर्शक जवळ नसेल तर निवासी डॉक्टरांना बाजूला घेऊन, “सर, हे औषध रोज द्यायचे आहे, की आठवड्यातून एकदा?” एवढेच विचारावे, खुलासा होईपर्यंत पुढचा डोस थांबवण्याविषयी सिस्टरच्या कानावर घालावे, आणि काय विचारले, काय उत्तर मिळाले, याची नोंद ठेवावी. शंका निराधार निघाली, तर दोन मिनिटे खर्ची पडली, याहून अधिक काही बिघडत नाही. या बाबतीत विद्यार्थ्यांहून अधिक दोष, माझ्या मते, शिस्तीच्या नावाखाली प्रश्नकर्त्याला चारचौघांत टोकणाऱ्या शिक्षकांकडे जातो.

याच्या उलट, रुग्णाने काही विचारले की उत्तर दिलेच पाहिजे, नाहीतर कोटाची अब्रू जाते, असेही पुष्कळांना वाटते. “मावशी, मला नक्की ठाऊक नाही, विचारून सांगतो,” असे म्हणून खरोखर विचारून येणारा विद्यार्थी कोणाच्याही नजरेतून उतरत नाही. परत न येणारा मात्र उतरतो.

गोपनीयतेबद्दल तर अज्ञान फार. केसपेपरवरचे नाव बोटाने झाकून त्याचे छायाचित्र मित्रांच्या व्हॉट्सअ‍ॅप समूहावर टाकले की गुप्तता राखली गेली, असे मानले जाते. नाव झाकले तरी गाव, वय, तारीख, खाटेचा क्रमांक आणि एखादा दुर्मिळ आजार एवढ्यावरून तालुक्याच्या ठिकाणी माणूस ओळखू येतो. जिन्यात आणि लिफ्टमध्ये चालणाऱ्या गप्पांनाही हाच न्याय. एचआयव्हीबाधित व्यक्तीची माहिती तिच्या संमतीवाचून उघड करण्यास तर २०१७ च्या कायद्याने स्पष्ट मनाई केली आहे. मात्र गोपनीयता म्हणजे सरकारलाही काही कळवायचे नाही, असा अर्थ कोणी काढू नये: क्षयरुग्णाची नोंद शासनाकडे करणे २०१२ पासून सक्तीचे आहे, आणि २०१८ च्या अधिसूचनेने ती जबाबदारी क्षयाची औषधे देणाऱ्या दुकानदारांवरही टाकली आहे. ही औषधे औषध नियमांच्या एच-१ या अनुसूचीत येत असल्याने त्यांच्या विक्रीची नोंद निराळ्या वहीत करून ती तीन वर्षे जपून ठेवावी लागते, आणि ती वही बहुधा शिकाऊ मुलाच्याच हाती दिली जाते.

घटक तोच असेल तर कंपनी बदलून दिली तरी चालते, हा समज दुकानात रोज ऐकू येतो. अनुसूची एच किंवा एक्समधील औषधाच्या चिठ्ठीवर, घटक तोच असला तरीही, दुसरे औषध बदली देण्यास नियमाने मज्जाव आहे. डॉक्टरांना फोन करून विचारणे हा सरळ मार्ग. डॉक्टरांनी कंपनीच्या नावाऐवजी घटकाच्या मूळ नावानेच औषध लिहिले असेल, तर गोष्ट निराळी.

औषधाचा दुष्परिणाम निःसंशय सिद्ध झाल्यावाचून तो कळवू नये, हीही एक चुकीची कल्पना आहे. २०१० साली सुरू झालेला आणि पुढल्या वर्षापासून गाझियाबाद येथील भारतीय औषधकोश आयोगाकडून चालवला जाणारा राष्ट्रीय औषधदक्षता कार्यक्रम संशयित दुष्परिणामांचीच नोंद मागतो. कार्यकारणभाव ठरवणे हे पुढच्या तज्ज्ञांचे काम. कळवणे म्हणजे डॉक्टरांविरुद्ध फिर्याद, असेही नाही. कळवणाऱ्याची ओळख गुप्त ठेवली जाते.

राहता राहिला हजेरीचा प्रश्न. ओळखीच्या दुकानातून, तेथे पाऊलही न टाकता, ५०० तासांचा दाखला मिळवण्यात कोणाचे नुकसान होत नाही, असे पालकदेखील बोलून दाखवतात. तो दाखला खोटा दस्तऐवज असतो. सही करणारा आणि सही मागणारा असे दोघेही त्याला जबाबदार असतात, आणि ज्याने चिठ्ठी वाचण्याचा सरावच केला नाही, त्याच्या हाती पुढे चाळीस वर्षे लोकांच्या चिठ्ठ्या पडणार असतात. विद्यार्थ्यांनी असा दाखला मागू नये, आणि व्यावसायिकांनी तो देऊ नये.