तोंड आले, गोळी घेतली, बरे झाले, पण कशाने?

तोंड आले की आपल्याकडे निदान आधीच ठरलेले असते. अंगात उष्णता झाली! मग कोणी तूप लावतो, कोणी जाईचा पाला चघळतो आणि बरेचजण औषधाच्या दुकानातून बी-कॉम्प्लेक्सची पट्टी आणतात. आठ दिवसांत फोड जातो आणि पट्टीचे नाव शेजारीपाजारी सांगितले जाते. आता मोबाईलवर अशा पूरक गोळ्यांची ‘परीक्षणे’ही येतात. त्यांतही बहुधा हेच असते : घेतली आणि गुण आला.

वाचकहो, येथेच गफलत होते. तोंडातला साधा, लहान फोड काहीही न करता सात ते चौदा दिवसांत आपोआप भरून येतो. त्या वेळी जी गोळी चालू असेल तिला श्रेय मिळते, मग ती कोणतीही असो. खरे काय ते कळण्यासाठी रुग्णांचे दोन गट करावे लागतात. एका गटाला खरी गोळी द्यायची, दुसऱ्याला तशीच दिसणारी पण औषध नसलेली. कोणाला काय मिळाले हे रुग्णालाही ठाऊक नसावे आणि तपासणाऱ्यालाही.

अशा चाचण्या झालेल्या आहेत. इस्रायलमधील एका चाचणीचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. वारंवार तोंड येणाऱ्या ५८ जणांपैकी काहींना सहा महिने रोज रात्री १००० मायक्रोग्रॅम बी-१२ जीवनसत्त्व जिभेखाली ठेवायला दिले. सहाव्या महिन्यात त्यांच्यातील ७४ टक्के लोकांना एकही फोड आला नाही. पण नुसत्या दिखाऊ गोळीवर असलेल्यांतही ३२ टक्के लोक फोडांवाचून राहिले! त्या ३२ टक्क्यांपैकी एखाद्याने परीक्षण लिहिले असते, तर तेही ‘गुण आला’ असेच असते.

याउलट अमेरिकेत १६० जणांवर झालेली चाचणी २०१२ साली प्रसिद्ध झाली. तेथे रोजच्या गरजेइतकी अनेक जीवनसत्त्वे एकाच गोळीतून वर्षभरापर्यंत दिली. फोड कमी आले नाहीत, लवकर बरेही झाले नाहीत.

तेव्हा प्रामाणिक परीक्षण असे हवे : बी-१२ चा उपयोग होत असावा, पण रुग्ण अवघे ५८ होते आणि मात्रा बरीच मोठी होती. त्या जोरावर बाजारातल्या प्रत्येक पट्टीची शिफारस करता येत नाही. गोळी फुकट मिळाली होती का, लिहिण्याचे पैसे मिळाले का, हेही त्यात सांगितलेले हवे. ते नसेल तर ती जाहिरात समजावी. पूरक आहार म्हणून विकल्या जाणाऱ्या डब्यांवर ‘औषधी वापरासाठी नाही’ अशा अर्थाची सूचना २०१६ च्या नियमांनुसार छापावी लागते. बारीक अक्षरात असते, पण असते. शाकाहारी मंडळींत बी-१२ ची कमतरता पुष्कळ आढळते. तोंड वरचेवर येत असेल तर रक्त तपासून घेणे हे पट्टीमागून पट्टी संपवण्यापेक्षा शहाणपणाचे.

आणि ज्या गोष्टीबद्दल ही परीक्षणे सहसा बोलत नाहीत ती सर्वांत महत्त्वाची आहे. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, पण तंबाखू-चुन्याची डबी, मिश्री आणि सुपारी घराघरांत आहेत. तोंडाचा कर्करोग सुरुवातीला दुखतोच असे नाही. न भरणारी एखादी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड पूर्वीइतके न उघडणे, एवढेच दिसते. अशा माणसाने ‘उष्णता’ म्हणून तीन महिने गोळ्या खाल्ल्या, तर गोळ्यांनी अपाय होणार नाही कदाचित, पण ते तीन महिने गेले ते गेले.

दोन आठवड्यांत न भरलेला फोड दंतवैद्याला किंवा जिल्हा रुग्णालयाच्या दंतविभागात दाखवावा. गरज वाटल्यास तेथे जखमेचा छोटा तुकडा काढून तपासणीसाठी पाठवण्याची व्यवस्था करतात. जाताना आतापर्यंत घेतलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या सोबत न्याव्यात, आणि तंबाखू किती वर्षांपासून आहे ते घरच्यांदेखतसुद्धा खरे सांगावे.